२७ ग्रॅमची मादी, २३० ग्रॅमचा नर

पत्र थोडक्यात: एका वाचकांकडे दीड वर्षाची क्रेस्टेड गेको (हौसेने पाळल्या जाणाऱ्या पालीची एक जात) मादी आहे. वजन २७ ग्रॅम, लांबी साडेनऊ सेंटिमीटर. आठ महिन्यांची असताना दचकून तिने शेपूट टाकली. पूर्ण वाढलेल्या क्रेस्टेडची लांबी २० सेंटिमीटर आणि वजन ४० ग्रॅमच्या पुढे असतं असं तक्त्यांमध्ये वाचून आपली मादी ‘निम्मीच राहिली’ अशी त्यांची समजूत झाली आहे. पेटीचं तापमान दिवसरात्र २१ अंश. खाणं म्हणजे भिजवलेली तयार पूड आणि एक दिवसाआड केळ्याचा गर. किडे ती घेत नाही म्हणून बंद केले. त्यांच्या मित्राकडे लीचियानस या मोठ्या जातीच्या गेकोचा २३० ग्रॅमचा नर आहे, आणखी एका परिचितांकडे सरासिनोरम या तिसऱ्या जातीचा नर. जुन्या पुस्तकात क्रेस्टेड आणि लीचियानस एकाच वंशात दाखवले आहेत, लायगर (सिंह आणि वाघिणीचं पिल्लू) आईबापांपेक्षा मोठा होतो, संकरित बियाणंही जोमदार असतं. मग यांतल्या एखाद्या नराशी जोडी लावून मोठ्या अंगाचा, शांत, हातात घेता येईल असा गेको मिळेल का, असं ते विचारतात. ‘मादीला इजा होणार नसेल तरच’ हेही त्यांनी लिहिलं आहे.

तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून आधी त्याचंच उत्तर. लीचियानस नराबरोबर ठेवलंत तर तुमच्या मादीला इजा होईल, आणि ती जिवावर बेतण्याइतकी असू शकेल. तो तिच्या साडेआठ पट वजनाचा आहे. जोडी जमवताना नर मादीच्या मानेची कातडी तोंडात धरतो. बरोबरीच्या मादीला त्याने दोन-चार ओरखडे येतात. २७ ग्रॅमच्या मादीची मान त्या जबड्यात अख्खी मावते. शिवाय लीचियानस फळांबरोबर लहान पालीही खातो. त्यामुळे ‘एक रात्र ठेवून तर बघू’ हा प्रयोगही नको. पेटी मोठी आहे, दोघं आपापल्या कोपऱ्यात राहतील, या भरवशावर तर मुळीच नको. दोघंही रात्री हिंडणारे, दोघंही उंचावर बसणारे, गाठ पडणारच.

आता दुसरं. ती खरोखर निम्मी राहिली आहे का?

तक्त्यातले २० सेंटिमीटर म्हणजे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी. तुमच्या मादीला शेपूटच नाही. लेपर्ड गेको, टोके गेको, भिंतीवरची पाल यांना नवी शेपूट फुटते. क्रेस्टेडला फुटत नाही, तिथे एक बोथट टोक तेवढं राहतं. म्हणजे शेपटीसकटच्या आकड्याशी तुम्ही बिनशेपटीच्या गेकोची तुलना केलीत. म्हणूनच जाणकार नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी पोटाच्या बाजूला असलेल्या आडव्या चिरेपर्यंत मोजतात. याला आपण धडाची लांबी म्हणू. पूर्ण वाढलेल्या क्रेस्टेडचं धड साधारण १० ते ११ सेंटिमीटरचं असतं. तुमच्या मादीचं साडेनऊ आहे आणि तिची वाढ अजून संपलेली नाही. लांबीत ती थोडीशीच मागे आहे.

मोजण्यासाठी तिला हातात धरून ताणू नका. ती काचेला चिकटून बसली असेल तेव्हा बाहेरून काचेवर पट्टी चिकटवा आणि अगदी समोरून, तिरका कोन न येऊ देता, फोटो काढा. काचेतून पोट आणि ती आडवी चीर दोन्ही स्वच्छ दिसतात. पाठीला बाक नसेल असा फोटो निवडा आणि पट्टीवरून अंतर वाचा. महिन्यातून एकदा पुरे.

वजनासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. झाकणाची हलकी डबी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मग तिला आत घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, संध्याकाळी खाणं ठेवण्याआधी. विष्ठा केली की नाही, आदल्या रात्री किती खाल्लं, यावर एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडतो, त्याने हुरळूनही जाऊ नका आणि घाबरूही नका. चार आठवड्यांचे आकडे एका ओळीत मांडले की वजन कुठे चाललंय ते कळतं.

दीड वर्षाच्या मादीला २७ ग्रॅम हे कमीकडे झुकणारं वजन आहे, पण काळजी करण्याइतकं नाही. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा क्रेस्टेडचं पिल्लू दीड ते दोन ग्रॅमचं असतं. तिथून पूर्ण वाढ व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात, आणि काही माद्या ३२-३५ ग्रॅमवर थांबून पुढे जन्मभर ठणठणीत राहतात. मला खटकतात त्या तुमच्या पत्रात ओघात आलेल्या तीन गोष्टी: २१ अंश, केळं आणि बंद झालेले किडे. तिची वाढ या तिन्हींनी मिळून रोखली असावी.

गेकोच्या अंगात स्वतःची ऊब नसते. २१ अंशांवर क्रेस्टेड मजेत जगतो, पण पचन सावकाश चालतं, भूक मंदावते, वाढही मंदावते. दिवसा पेटीच्या वरच्या भागात २४ ते २६ अंश आणि रात्री २० ते २२ ठेवा. उष्णतेचं साधन थर्मोस्टॅटला जोडलेलंच असावं, आणि त्याचा संवेदक वरच्या एक तृतीयांश भागात, ती जिथे झोपते तिथे लावावा. तळाशी लावलात तर तळ २५ होईस्तोवर वर ३० झालेले असतील. २८ च्या वर जास्त वेळ राहणं क्रेस्टेडला सोसत नाही, त्यामुळे ऊब द्यायच्या उत्साहात इथे चूक होऊ देऊ नका.

केळ्याबद्दल. १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण ५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२. गेकोला याच्या उलट प्रमाण लागतं: फॉस्फरसच्या जवळपास दुप्पट कॅल्शियम. केळं गोड असल्यामुळे ती त्यावरच पोट भरते आणि ज्या पुडीत सगळं मोजून घातलेलं असतं ती तशीच राहते. एकदम बंद केलंत तर ती दोन-तीन रात्री रुसेल. म्हणून भिजवलेल्या पुडीत थोडा गर मिसळा आणि दोन आठवड्यांत तो कमी करत शून्यावर आणा. एक भाग पुडीला दोन भाग पाणी, पातळ मधासारखं व्हायला हवं. वाटी जमिनीवर न ठेवता फांद्यांच्या उंचीवर अडकवा, आणि २४ ते ३६ तासांत खाणं बदला.

किडे ती घेत नाही, याचं कारण बहुतेक वेळा किड्याच्या आकारात असतं. तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, गुळगुळीत कडांच्या वाटीत, कॅल्शियमची पूड चोळलेले तीन-चार लहान किडे ठेवा, आठवड्यातून दोनदा. सकाळी उरलेले काढून टाका. भुकेला रातकिडा झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडतो.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. क्रेस्टेडच्या टाळूला, मागच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक पांढुरकी पिशवी असते. तो कॅल्शियमचा साठा. ती जांभई देते किंवा चाटायला तोंड उघडते तेव्हा बाजूने विजेरी धरली तर दिसते. दाणेदार पांढऱ्या पिशव्या दिसल्या तर साठा आहे. काहीच दिसत नसेल, जबडा मऊ लागत असेल, पाठीला किंवा बोटांना वाकडेपणा असेल, तर वाढीचा विचार बाजूला ठेवा आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा. तोंड उघडायला जबडा ओढू नका. हाडं मऊ झालेली असतील तर तो तुमच्या बोटांत मोडेल.

हे सगळं सुरळीत झालं की या वयात महिन्याला एक-दोन ग्रॅमची भर पडणं चांगलं. त्याहून वेगाने वाढवायच्या मागे लागू नका.

आता संकराकडे वळू. ‘मोठा झाला की शांत होईल’ हे तुम्ही गृहीत धरलंय, पण अंगाचा आणि स्वभावाचा असा संबंध गेकोंमध्ये नाही. टोके ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि चावला की सुटत नाही म्हणून ओळखला जातो. लीचियानस स्वतःच्या जागेबद्दल फार कडक असतो. जमलेली जोडीसुद्धा कधीकधी एकमेकांच्या शेपट्या आणि बोटं तोडते. उलट लेपर्ड गेको ५०-६० ग्रॅमचा, आणि त्याच्याइतका हाताला सरावणारा गेको क्वचितच मिळेल. हाताला सरावणं हे जातीच्या स्वभावावर आणि तुमच्या सावकाशीवर आहे: रोज पाच-दहा मिनिटं, पेटीतच हात आडवा ठेवून, तिने आपणहून चढावं असं.

जुन्या पुस्तकाचं म्हणाल तर ते त्या काळी बरोबरच होतं. २०१२ पर्यंत क्रेस्टेड आणि लीचियानस दोघंही रॅकोडॅक्टिलस वंशात धरले जायचे. त्या वर्षी प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या या गेकोंची फेरमांडणी झाली आणि क्रेस्टेडला कोरेलोफस हे १८६६ सालचं वंशनाव परत मिळालं. सरासिनोरमही त्याच कोरेलोफसमध्ये गेला. म्हणजे लीचियानस हा तुमच्या मादीचा दूरचा नातेवाईक आणि सरासिनोरम सख्ख्या चुलत्यांतला. पाळलेल्या गेकोंमध्ये क्रेस्टेड आणि सरासिनोरम यांचे संकर झालेले आहेत. युब्लेफारिस वंशात, म्हणजे लेपर्ड गेकोच्या घरातही, जातीजातींचे संकर झाले आहेत. नातं जवळचं असेल तर दार उघडं असू शकतं. जसजसं दूर जाल तसतसं ते बंद होत जातं. काही वाचक क्रेस्टेड आणि लेपर्ड यांच्या जोडीबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी: ही दोन वेगवेगळी कुळं आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेली. लेपर्डला हलत्या पापण्या आहेत आणि काच चढता येत नाही, क्रेस्टेडला पापण्या नाहीत आणि तो काचेवर धावतो. तिथे संकर होत नाही, भांडण होतं.

लायगरचं उदाहरण मात्र इथे लावू नका. नर सिंह आणि वाघीण यांचं पिल्लू प्रचंड वाढतं, पण वाघ आणि सिंहीण यांच्या पिल्लाचं तसं होत नाही. म्हणजे संकर झाला म्हणून आकार वाढतो, असं नाही. सस्तन प्राण्यांत काही जनुकं बापाकडून आली तर जागी राहतात आणि आईकडून आली तर झोपलेली, किंवा उलट. वाढीचा लगाम अशा जनुकांच्या हाती असतो आणि त्या एका जोडीत तो सुटतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. सरपटणाऱ्या प्राण्यांत ही व्यवस्था आढळलेली नाही.

आणि संकरित बियाणं? हा गैरसमज आपल्या भाषेतच दडला आहे, कारण दोन्हीकडे आपण ‘संकर’ हाच शब्द वापरतो. संकरित मका म्हणजे मक्याच्याच दोन वाणांची भेट. ते वाण पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागाने वाढवून एकसाची केलेले, आणि त्यामुळे अशक्त झालेले असतात. दोन अशक्त वाण एकत्र आले की गमावलेला जोम परत येतो. मक्याची जात दोन्हीकडे एकच. दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांची जोडी लावणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे जोम परत मिळेल असं काही नसतं, उलट लाखो वर्षं वेगवेगळ्या वाटेने जुळलेली जनुकं एकमेकांशी अडखळतात. कधी अंडी रुजतच नाहीत, कधी पिल्लू अंड्यात पूर्ण वाढून बाहेर यायच्या बेतात मरतं, कधी पहिली पिढी धडधाकट निघते आणि दुसरी ढासळते. ‘संकर म्हणजे वांझ’ ही खेचरावरून आलेली समजूतही सरसकट लागू होत नाही. संकरित गेको प्रजननक्षम निघू शकतो, आणि तोच धोका आहे, त्याकडे पुढे येते.

आकार अनेक जनुकं मिळून ठरवतात, त्यात खाणं आणि ऊब यांचा वाटा वेगळा. त्यामुळे लहान आणि मोठ्या जातीचं पिल्लू सहसा दोघांच्या मधे कुठेतरी येतं. शिवाय अंडं आईच्या अंगाच्या मापाने तयार होतं. नर कितीही मोठा आणलात तरी तुमच्या मादीची अंडी तिच्याच मापाची राहतील आणि पिल्लांची सुरुवातही तिथूनच होईल. मोठ्या नरामुळे अंडं मोठं होऊन अडतं असं जे म्हणतात तेही म्हणूनच खरं नाही. अंडं अडतं ते आईचं वय आणि वजन कमी असताना, कॅल्शियम संपलेलं असताना, किंवा ओलसर माती असलेली अंडी घालायची जागा नसताना.

निसर्गात संकर होतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही, कारण गेकोंमध्ये ते ठळकपणे झालेले आहेत. मोर्निंग गेको नावाची छोटी पाल जन्मतःच संकरातून आलेली आहे: दोन जातींच्या मिलनातून उपजलेल्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात आणि स्वतःच्या प्रती काढतात. ऑस्ट्रेलियातल्या बायनोच्या गेकोमध्येही अशा संकरित, केवळ माद्यांच्या शाखा आहेत आणि त्यांच्यात गुणसूत्रांचे दोन ऐवजी तीन संच असतात. पण मोर्निंग गेको शेपटीसकट जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर. संकराने तिला नवी रीत दिली, मोठं अंग दिलं नाही.

उलट गेकोंमधला सगळ्यांत मोठा कोण ते बघा. फ्रान्समधल्या मार्सेच्या निसर्ग संग्रहालयात भुसा भरलेला एकच नमुना आहे, डेलकोर्टचा गेको. नुसतं धड ३७ सेंटिमीटर, शेपटीसकट ६० च्या पुढे. १९८६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा तो न्यूझीलंडचा असावा असा अंदाज होता. २०२३ मध्ये त्याच्या हाडातून डीएनए काढला गेला आणि तो न्यू कॅलेडोनियाच्याच घराण्यातला निघाला, म्हणजे तुमच्या मादीच्या नात्यातला. तो लीचियानसचा मोठा भाऊ नव्हता, वेगळ्याच फांदीवर स्वतंत्रपणे वाढला. दुसऱ्या टोकाला डॉमिनिकन रिपब्लिकमधला स्फेरोडॅक्टिलस एरियासे, धड जेमतेम १६ मिलिमीटर, २००१ साली वर्णन झालेला. गेकोंच्या आकाराचा हा सगळा पसारा निवडीतून, हजारो पिढ्यांत घडला.

तुमच्यासमोर खरा उरतो तो सरासिनोरमचा पर्याय, कारण तो शक्य आहे. सरासिनोरम क्रेस्टेडपेक्षा थोडा मोठा असतो, पण त्याला डोळ्यांवरची आणि पाठीवरची ती काट्यांची झालर नसते. म्हणजे आकारात थोडं कमवायला जाल आणि ज्या झालरीमुळे क्रेस्टेड क्रेस्टेड आहे ती फिकी पडण्याचा धोका पत्कराल.

जोडी लावलीत तर काय काय करावं लागेल तेही ऐका. मादी किमान ४० ग्रॅमची आणि दोन वर्षांच्या पुढची हवी; तुमची आत्ता दोन्हींत बसत नाही. नर साधारण तिच्याच वजनाचा हवा. मागचे दहा-बारा महिने ती दुसऱ्या कुठल्याही नराजवळ गेलेली नसावी, कारण क्रेस्टेड मादी शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते आणि मग पिल्लांचा बाप कोण ते सांगता येत नाही. एकदा जुळली की ती दर चार-सहा आठवड्यांनी दोन अंडी घालते, आठ-नऊ महिने. म्हणजे एका हंगामात १२ ते १६ अंडी, आणि त्यांना लागणारं कॅल्शियम तिच्या अंगातल्या साठ्यातून येतं. हंगाम आपणहून थांबला नाही तर दोन-तीन महिने पेटी १८ ते २१ अंशांवर आणून, दिव्याचे तास कमी करून तिला विसावा द्यावा लागतो. नितंबांची हाडं वर आली, चालताना तोल जायला लागला, टाळूच्या त्या पांढऱ्या पिशव्या दिसेनाशा झाल्या, की हंगाम तिथेच थांबवायचा.

अंडी २२ ते २५ अंशांवर, वजनाने समसमान पाणी घातलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) ठेवली तर ६५ ते ९० दिवस लागतात. महिन्याभराने खालून विजेरी धरल्यावर लालसर शिरा दिसल्या तर ती जिवंत आहेत. आणि मग १२-१६ पिल्लं, प्रत्येकाला स्वतंत्र पेटी, प्रत्येकाचं आयुष्य १५ ते २० वर्षं. इतकी पिल्लं तुम्ही स्वतःकडे ठेवू शकाल का? कारण बाहेर दिलीत तर ‘झालर कमी असलेला क्रेस्टेड’ म्हणून ती कुणाच्या तरी विणीत मिसळतील आणि पुढच्या पिढीत नुसतं बघून ओळखणं अवघड होईल.

प्रजननक्षम संकराचा धोका म्हटलं तो हा. न्यू कॅलेडोनियाने या गेकोंची निर्यात बंद केली आहे. क्रेस्टेड तर नामशेष झाला असंच मानत होते, १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला, आणि आज जगभर पाळले जाणारे क्रेस्टेड त्यानंतर बाहेर आलेल्या मोजक्या प्राण्यांची प्रजा आहेत. सरासिनोरम पाळणारे त्याहून कितीतरी कमी. त्यांचा एक चांगला नर संकरात गुंतवणं म्हणजे शुद्ध विणीतून तो तेवढा काळ काढून घेणं. पाळीव साठ्यात एकदा मिसळ झाली की मूळ बेटावरून नवं रक्त आणता येत नाही.

आणि एक गोष्ट नव्याने जोड्या लावणाऱ्या सगळ्यांसाठी. लेपर्ड गेकोत ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा लखलखीत पिवळा-पांढरा वाण आला. रंगासाठी लोकांनी तो भराभर वाढवला. मग त्या गेकोंना कातडीखाली गाठी येऊ लागल्या, रंगपेशींच्याच गाठी. २०२१ मध्ये त्याचा संबंध स्पिन्ट१ या जनुकाशी जोडला गेला. ही एकाच जातीतली, एका जनुकाची गोष्ट. दोन जातींच्या हजारो जनुकांची सरमिसळ आत काय करेल, ते पिल्लू देखणं निघालं म्हणून कळत नाही.

मोठा गेको हवाच असेल तर सरळ वाटा आहेत. गार्गॉइल गेको लांबीत क्रेस्टेडएवढाच, पण वजनाने ६०-७० ग्रॅमपर्यंत जातो, तापमान आणि खाणं जवळजवळ तेच, आणि त्याची शेपूट परत येते. लीचियानस आवडत असेल तर लीचियानसच पाळा, एकटा, निदान ६० × ६० × ९० सेंटिमीटरच्या पेटीत. त्याच्या एकाच जातीत लहान बेटांवरचे गेको अंगाने लहान आणि मोठ्या बेटावरचे मोठे असतात, तेव्हा कुठल्या बेटाचं घराणं ते घेतानाच विचारा. लेपर्ड गेकोमध्ये निवडीने वाढवलेली ‘जायंट’ घराणी आहेत, त्यांतले काही नर १०० ग्रॅमपर्यंत जातात. तिथे विकणाऱ्याकडून एक वर्षाच्या वयाचं वजन आणि आईबापांची वजनं मागा. नुसत्या चरबीने फुगलेला गेको जायंट नव्हे. कुठलीही जात घेण्याआधी तुमच्या देशाच्या वन्यजीव कायद्यात ती पाळायला परवानगी आहे का ते बघा. रानातला गेको पकडून आणायचा नाही.

आणि खरोखर मोठे क्रेस्टेड घडवायचे असतील तर क्रेस्टेडमध्येच निवड करा. नात्यात नसलेले, मोठ्या धडाचे, हाडापेराने मजबूत नर-मादी निवडा, पिल्लांचं दर महिन्याचं वजन आणि धडाची लांबी लिहा, आणि दोन वर्षांनी नुसती सगळ्यांत मोठी नव्हेत, तर मोठी आणि निरोगी अशी पिल्लं पुढे घ्या. एका पिढीला साधारण दोन वर्षं लागतात, म्हणजे फरक दिसायला दशकभर जाईल. या निवडीत तुमची ही मादी यायलाच हवी असं नाही. तिने कधीच अंडी घातली नाहीत तरी तिचं काही अडत नाही.

मित्राच्या लीचियानसजवळ तिची पेटीसुद्धा नेऊ नका, भांडी आणि फांद्याही अदलाबदल करू नका. परजीवी असेच पसरतात. तापमान आणि खाणं बदलल्यावर आठ-दहा आठवडे वजन लिहा. तोवर आकडा २७ वरून हललाच नाही, किंवा एका महिन्यात २.७ ग्रॅमहून जास्त उतरला, तर विष्ठा तपासून घ्या. नमुना २४ तासांच्या आतला, हवाबंद डबीत, तळाशी ओलसर कापूस ठेवून. लगेच नेता येणार नसेल तर फ्रिजमध्ये, पण गोठवू नका. सोबत वजनाची वही न्या. तीत तापमानाचे आकडेही लिहिलेले असले तर पशुवैद्याचे पहिले चार प्रश्न वाचतील.